युद्धनौकांच्या देखभाल-दुरुस्तीत रुजू होताना: नव्या पदवीधर अभियंत्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात पंप, इंजिन किंवा जनरेटर नवा असतो, त्याचे ड्रॉइंग बरोबर असते आणि त्याच्याभोवती काम करायला हवी तेवढी जागा असते. दुरुस्तीला लागलेल्या युद्धनौकेवर यातले काहीच गृहीत धरता येत नाही. जहाज वीस-पंचवीस वर्षांचे असू शकते, त्यात अनेकदा फेरबदल झालेले असतात, एकाच वर्गातल्या दोन जहाजांची पाइपलाइनसुद्धा तंतोतंत सारखी नसते आणि काल चालू असलेली यंत्रणा आज अर्धी उघडलेली असते. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या पदवीधर अभियंत्याने पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट एकच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे: जहाज या क्षणी नेमके कोणत्या स्थितीत आहे, या प्रश्नाचे उत्तर पुराव्यासह देता आले पाहिजे. सुरक्षितता, दोषनिदान, गोदीतले काम आणि चाचण्या या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. ही कामे नवागताच्या वाट्याला साधारणपणे ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने पुढची मांडणी केली आहे.

१. कोणाला काय ठरवण्याचा अधिकार आहे, हे आधी समजून घ्या

बहुतेक नौदलांत देखभालीची विभागणी तीन स्तरांवर असते. पहिल्या स्तरावरचे काम जहाजाचा कर्मचारीवर्ग स्वतः करतो: तेल बदलणे, फिल्टर साफ करणे, ठरलेल्या अवधीने तपासण्या करणे. दुसऱ्या स्तरावर तळावरची कार्यशाळा मदतीला येते, आणि तिसऱ्या स्तरावर जहाज दुरुस्ती-गोदीत दीर्घ मुदतीच्या रिफिटसाठी (व्यापक दुरुस्ती व नूतनीकरणासाठी) दाखल होते. पदवीधर अभियंत्याची नेमणूक बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्तरावर होते, त्यामुळे पहिल्या स्तरावर काय केले जाते याकडे त्याचे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. ते होऊ देऊ नये. जहाजावरच्या नोंदवह्यांत एखाद्या पंपाचा गेल्या तीन वर्षांचा इतिहास असतो आणि तो वाचल्याशिवाय केलेले निदान हा केवळ अंदाज ठरतो.

त्यानंतर अधिकारांची साखळी कागदावर काढून घ्यावी. काम मंजूर कोण करतो, मूळ रचनेत बदल करण्याची परवानगी कोण देतो, वेल्डिंगची पद्धत कोण प्रमाणित करतो, निकषाबाहेरची सूट कोण देऊ शकतो आणि यंत्रणा बंद-चालू करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे पहिल्या महिन्यातच स्पष्ट असायला हवीत. गोदीतला अभियंता आणि जहाजावरचा अभियांत्रिकी अधिकारी यांच्या जबाबदाऱ्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथेच कामे निसटतात.

देखभालीच्या तत्त्वांविषयी एक ऐतिहासिक संदर्भ प्रत्येकाला ठाऊक असावा. १९७८ मध्ये नोलन आणि हीप या अमेरिकी विमान-देखभालीतील अभियंत्यांनी तिथल्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल तयार केला. त्यांनी अभ्यासलेल्या विमानभागांपैकी सुमारे ११ टक्के भागांतच वयोमानानुसार झीज होऊन बिघाड वाढल्याचे दिसले. उलट, सुमारे ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता नव्याने बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात सर्वाधिक होती. हे आकडे विमानांचे आहेत, त्यामुळे समुद्रात गंजणाऱ्या पाइपला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु त्यांतून मिळणारी दिशा मोलाची आहे, कारण नीट चालणारे यंत्र केवळ कॅलेंडर पाहून उघडले तर बिघाड आपल्याच हाताने आत जाण्याचा धोका असतो. म्हणूनच कंपन-मापन आणि तेलाचे पृथक्करण यांसारख्या, यंत्र न उघडता स्थिती सांगणाऱ्या पद्धती लवकर शिकून घ्याव्यात.

२. सुरक्षिततेचे नियम त्यांच्या कारणांसह शिका

दुरुस्तीतले जहाज समुद्रावरच्या जहाजापेक्षा अनेक बाबतींत अधिक धोकादायक असते, कारण त्याच्या संरक्षण-यंत्रणा बंद असतात, दरवाजांतून केबल आणि नळ्या ओढलेल्या असतात आणि एकाच वेळी अनेक कंत्राटदारांची माणसे आत असतात. अमेरिकी नौदलाच्या बॉनहोम रिचर्ड या जहाजाला १२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगो येथे देखभालीदरम्यान आग लागली, ती अनेक दिवस धुमसत राहिली आणि शेवटी ते अवाढव्य जहाज मोडीत काढावे लागले. चौकशी अहवालात नोंदवले गेले, की जहाजावरची बहुसंख्य अग्निशमन केंद्रे त्या वेळी निष्क्रिय स्थितीत होती आणि फेसाची यंत्रणा वेळेवर वापरली गेली नाही. त्यामुळे कोणत्याही जहाजावर पाय ठेवल्यावर, आज इथली अग्निशमनाची कोणती यंत्रणा चालू आहे आणि जी बंद आहे तिच्याऐवजी काय ठेवले आहे, हे आधी विचारावे.

बंदिस्त जागेत उतरण्याचा नियम कसलाही अपवाद न ठेवता पाळावा. बंद टाकीतले पोलाद गंजते तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेते. त्यामुळे दिसायला स्वच्छ आणि कोरडी टाकीही प्राणघातक असू शकते. मोजणीचा क्रम ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू असाच ठेवावा, कारण ज्वलनशील वायू मोजणारे अनेक सेन्सर पुरेसा ऑक्सिजन नसल्यास चुकीचे आकडे दाखवतात. सामान्य हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि अनेक नियमावल्यांत १९.५ टक्क्यांखालची हवा अपुरी मानली जाते. ऑक्सिजन किंचित कमी भरला, तरी तो कशामुळे कमी झाला हे कळेपर्यंत आत जाऊ नये. मोजणी वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही उंचींवर करावी आणि काम लांबल्यास पुन्हा करावी. आत कोणी कोसळलेले दिसले, तर श्वसनसाधनाशिवाय मागोमाग उतरू नये. टाक्यांमधल्या अपघातांत वाचवायला धावलेली माणसेही दगावतात, हे या व्यवसायातले कटू सत्य आहे.

वेल्डिंग किंवा कटिंगची परवानगी देताना फक्त ज्या बाजूने काम होणार आहे ती बाजू पाहून भागत नाही. त्या बल्कहेडच्या (कप्पे विभागणाऱ्या भिंतीच्या) पलीकडे, वर आणि खाली काय आहे, तिथे लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टन), रंग, केबल किंवा इंधनाची टाकी आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. काम संपल्यावरही आगीवर लक्ष ठेवणारा माणूस किमान अर्धा तास, आणि जिथे नियम अधिक कडक असेल तिथे त्याहून जास्त वेळ, जागेवर थांबला पाहिजे.

यंत्रणा तिच्या पुरवठ्यापासून वेगळी (आयसोलेट) करण्याच्या बाबतीत युद्धनौकेचे एक खास वैशिष्ट्य आहे. लढाईत एक स्विचबोर्ड निकामी झाला तरी महत्त्वाची यंत्रे चालू राहावीत, म्हणून त्यांना दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज दिलेली असते आणि एक पुरवठा खंडित झाल्यास दुसरा आपोआप जोडला जातो. म्हणजे एक ब्रेकर उघडून टॅग लावला, तरी मोटार जिवंतच असू शकते. पाण्याच्या, इंधनाच्या आणि उच्चदाब हवेच्या यंत्रणांतही पर्यायी मार्ग असतात. यासाठी आयसोलेशनची यादी नेहमी ताज्या रेखाचित्रावरून तयार करावी, ती प्रत्यक्ष यंत्रणेशी पडताळावी, व्हॉल्व्ह बंद करून कुलूप आणि टॅग लावावा आणि शेवटी दाब किंवा विद्युतदाब खरोखर शून्य आहे याची स्वतंत्र खात्री करावी. प्रेशर गेजचा काटा शून्यावर आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण गेजकडे जाणारी बारीक नळी चोंदलेली असू शकते. ड्रेन उघडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

३. जहाज पायांनी आणि हातांनी वाचा

पहिल्या सहा महिन्यांत आठवड्यातले काही तास केवळ जहाज फिरण्यासाठी राखून ठेवावेत. त्याआधी कप्प्यांच्या क्रमांकांची पद्धत पाठ करावी. प्रत्येक नौदलाची पद्धत वेगळी असते, पण तत्त्व बहुधा सारखे असते. उदाहरणादाखल, अमेरिकी पद्धतीत ‘३-७५-४-एम’ या क्रमांकाचा अर्थ तिसरा डेक, पंचाहत्तरावी फ्रेम (जहाजाच्या सांगाड्याची बरगडी), मध्यरेषेपासून डाव्या बाजूचा दुसरा कप्पा आणि दारूगोळ्याचा साठा असा होतो. तिसरा आकडा सम असेल तर कप्पा डाव्या बाजूला आणि विषम असेल तर उजव्या बाजूला असतो. धुराने भरलेल्या मार्गिकेत हाच क्रमांक तुम्ही कुठे आहात ते सांगतो, त्यामुळे ही पद्धत केवळ कागदपत्रांपुरती नाही.

पहिला सराव म्हणून समुद्रपाण्याची कूलिंग यंत्रणा निवडावी. हलच्या (जहाजाच्या बाह्य कवचाच्या) तळाशी असलेल्या सी-चेस्टपासून (समुद्रपाणी आत घेणाऱ्या कप्प्यापासून) सुरुवात करून व्हॉल्व्ह, गाळणी, पंप, हीट एक्स्चेंजर आणि बाहेर पडणारे तोंड असा संपूर्ण मार्ग प्रत्यक्ष चालत जाऊन काढावा आणि मग तो अधिकृत ड्रॉइंगशी ताडून पाहावा. फरक सापडतीलच. ते ‘जुने आहे, असेच असते’ म्हणून सोडून न देता तारीख घालून लिहून ठेवावेत आणि ड्रॉइंग सांभाळणाऱ्या विभागाकडे पाठवावेत. ही यंत्रणा निवडण्यामागे कारण आहे. ती हलला भोके पाडून आत येते, म्हणजे जहाजाच्या तरंगण्याशी तिचा थेट संबंध आहे, ती बहुतेक मोठ्या यंत्रांना स्पर्श करते आणि समुद्रात पदार्थ कसे झिजतात याचे जवळपास सगळे प्रकार तिच्यात एकत्र पाहायला मिळतात.

त्या पदार्थांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. समुद्रपाण्यात वजनाने साधारण ३.५ टक्के क्षार असतात आणि ते उत्तम विद्युतवाहक असल्याने दोन भिन्न धातू एकत्र आले, की त्यांतला कमी ‘उदात्त’, म्हणजे रासायनिकदृष्ट्या अधिक क्रियाशील, धातू झिजू लागतो. पोलादी हलवर जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे, स्वतः झिजून पोलाद वाचवणारे ॲनोड याचसाठी बसवतात, आणि त्यांच्यावर चुकून रंग लावला गेला तर त्यांचा उपयोग संपतो. पाइपांसाठी सर्रास वापरले जाणारे ९० टक्के तांबे व १० टक्के निकेल यांचे मिश्रधातू स्वतःवर एक संरक्षक थर तयार करतात आणि त्याच्याच आधारे वर्षानुवर्षे टिकतात. मात्र हा थर बसण्याच्या सुरुवातीच्या काळात पाइपात बंदरातले सल्फाइडयुक्त, प्रदूषित पाणी साचून राहिले, तर थर नीट बसत नाही आणि नवी पाइप अकाली खड्डे पडून फुटते. नवे पाइप बसवल्यानंतर यंत्रणा कोणत्या पाण्याने भरली आणि किती काळ स्तब्ध ठेवली, ही माहिती म्हणूनच महत्त्वाची ठरते. वेग वाढल्यावर, विशेषतः बेंडनंतर किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या पुढे, हाच थर पाण्याच्या प्रवाहाने खरवडला जातो. गळती सापडली, की केवळ तेवढा तुकडा न बदलता त्याच्या आधी प्रवाहात कोणता अडथळा आहे ते पाहावे.

४. युद्धनौका आणि व्यापारी जहाज यांतला फरक ओळखा

इथे पदवीधरांची सर्वाधिक गफलत होते, कारण हा फरक डोळ्यांना दिसत नाही. युद्धनौकेवरची यंत्रे पाण्याखालच्या स्फोटाचा धक्का सोसण्यासाठी विशेष माउंटवर बसवलेली असतात आणि धक्क्याच्या वेळी त्यांना हलायला ठरावीक मोकळी जागा लागते. त्या जागेत कोणी सोयीसाठी एखादे कपाट किंवा ब्रॅकेट बसवले, तर एरवी काहीच बिघडत नाही, मात्र धक्का बसेल तेव्हा यंत्र त्यावर आदळेल. आवाज कमी ठेवण्यासाठी लावलेल्या रबरी माउंटला बाजूने एखादा कडक क्लॅम्प जोडला, किंवा माउंटखाली वेल्डिंगचा कचरा अडकला, की कंपन थेट हलपर्यंत आणि तिथून समुद्रात पोहोचते. पाणबुडीसाठी किंवा पाणबुडीविरोधी जहाजासाठी ही गंभीर उणीव आहे. रबरी माउंट रंगवू नयेत, हा नियम याच कारणाने आहे. सुरुंगशोधक जहाजांवर चुंबकीय गुणधर्माचा एक साधा बोल्टसुद्धा मंजुरीशिवाय बसवता येत नाही. जलरोधक बल्कहेडमधून एक केबल नेण्यासाठी पाडलेले भोक योग्य ग्लँडने (केबलभोवतीच्या जलरोधक सीलने) बंद केले नाही, तर दोन कप्प्यांचे तरंगण्याच्या दृष्टीने गणित एकच होऊन बसते.

थोडक्यात, मापाने बसणारा सुटा भाग हा योग्य सुटा भाग असेलच असे नाही. ऑस्ट्रेलियन नौदलाच्या वेस्ट्रेलिया या इंधनपुरवठा जहाजावर ५ मे १९९८ रोजी लागलेल्या आगीत चौघांचा मृत्यू झाला. इंजिनाच्या इंधनाच्या कडक पाइपांच्या जागी लवचीक होज बसवण्यात आले होते. हा बदल रचनेच्या मंजुरीच्या रीतसर प्रक्रियेतून गेला नव्हता आणि ते होज त्या कामाला योग्य नव्हते. होज फुटून इंधनाचा फवारा तापलेल्या भागावर गेला. जे बदलले गेले ते पाहायला किरकोळ होते, आणि वारंवार गळणाऱ्या पाइपांचा प्रश्न सोडवण्याचा हेतूही चांगलाच होता. तुमच्यासमोर ‘समकक्ष भाग चालेल’ असा प्रस्ताव येईल तेव्हा त्याचे पदार्थ-प्रमाणपत्र, दाब व तापमान यांच्या मर्यादा, धक्का आणि आगीला तोंड देण्याची क्षमता तपासावी आणि मंजुरी लेखी मिळाल्याशिवाय तो बसवू देऊ नये. वेळापत्रकाचा कितीही दबाव असला, तरी या मुद्द्यावर ठाम राहणे हा नव्या अभियंत्याचाही हक्क आहे.

५. तपासणी करा आणि ती दुसऱ्याला वापरता येईल अशी लिहा

जहाज दुरुस्तीला येते तेव्हा ठरलेल्या कामांव्यतिरिक्त उघडल्यावर सापडणारी कामे बरीच असतात, आणि रिफिटचा कालावधी मुख्यतः त्यांच्यामुळेच लांबतो. म्हणून उघडण्याची आणि तपासण्याची कामे वेळापत्रकात शक्य तितकी आधी घ्यावीत, म्हणजे नवे पत्रे, पाइप किंवा बेअरिंग मागवायला वेळ उरतो.

दोष लिहिताना ‘पंप खराब’ किंवा ‘पाइप गंजली’ अशी वाक्ये टाळावीत. कप्पा, फ्रेम, यंत्रणा, भागाचा क्रमांक, काय दिसले, काय मोजले, कोणत्या उपकरणाने मोजले, मर्यादा किती आहे आणि ती कुठून घेतली, एवढे सर्व एका नोंदीत असावे. पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक उपकरणाने मोजताना ते आधी प्रमाण-ठोकळ्यावर जुळवून घ्यावे. साधा प्रोब रंगाचा थरही जाडीत धरतो, त्यामुळे एक तर रंग काढावा किंवा तो वगळून मोजणारा प्रोब वापरावा. बिंदू ठरावीक जाळीवर घ्यावेत, म्हणजे पुढच्या रिफिटला त्याच जागी मोजून झिजेचा वेग काढता येतो. मोजलेली गोष्ट आणि तुमचे अनुमान या दोन गोष्टी नोंदीत वेगळ्या ठेवाव्यात.

या नोंदी संवेदनशील असतात. जहाजाच्या उणिवा ही लष्करी माहिती आहे, त्यामुळे परवानगीशिवाय छायाचित्र काढणे, वैयक्तिक फोनवर ड्रॉइंग ठेवणे किंवा बाहेर चर्चा करणे पूर्णपणे वर्ज्य आहे.

६. सुक्या गोदीतले काम समजून घ्या

जहाज गोदीत घेण्याचा प्रसंग संधी मिळेल तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. पाणी उपसले जाते तसे किल (जहाजाचा तळाचा कणा) ब्लॉकवर, म्हणजे आधाराच्या ठोकळ्यांवर, टेकू लागते आणि ब्लॉक जहाजाला वर ढकलतात. या प्रतिक्रियेचा परिणाम तळाशी असलेले वजन काढून घेतल्यासारखा होतो, म्हणजे गुरुत्वमध्य वर सरकल्याप्रमाणे स्थिरता घटते. पूर्ण लांबी टेकण्याच्या अगदी आधीचा क्षण सर्वांत नाजूक असतो. म्हणून जहाजाचा पुढे-मागे झुकाव मर्यादेत असणे, टाक्यांतले द्रव ठरल्याप्रमाणे असणे आणि ब्लॉक डॉकिंग प्लॅननुसार रचलेले असणे आवश्यक असते.

गोदीतून बाहेर पडणे हे आत येण्याइतकेच जोखमीचे असते, आणि इथे पुन्हा स्थितीचा प्रश्न उभा राहतो. रिफिटमध्ये इंजिन काढले, तोफ उतरवली, टाक्या रिकाम्या केल्या, नवे सामान चढवले, तर तरंगताना जहाज पूर्वीचे राहिलेले नसते. काढलेल्या आणि चढवलेल्या प्रत्येक वजनाची, त्याच्या जागेसह, नोंद ठेवणारे काम पदवीधराकडे आले, तर ते कारकुनी समजू नये. पाणी आत सोडण्यापूर्वी हलमधल्या प्रत्येक उघड्या तोंडाची यादी हातात घेऊन व्हॉल्व्ह, ब्लँक (तोंड बंद करणारी झाकणे) आणि प्लग स्वतः पाहावेत, आणि पाणी चढत असताना प्रत्येक कप्प्यात माणूस उभा असावा.

शाफ्टच्या अलाइनमेंटविषयी एक व्यावहारिक सूचना आहे. हल ब्लॉकवर असताना आणि तरंगत असताना वेगवेगळा वाकतो, त्यामुळे गोदीत अचूक वाटलेली मापे तरंगल्यावर पुन्हा घ्यावी लागतात. ऊन चढल्यावर डेक तापून हल वाकतो, म्हणून अशी मापे सूर्योदयापूर्वी किंवा ढगाळ हवेत घेण्याची पद्धत आहे.

७. कारागिरांकडून आणि जहाजाच्या कर्मचाऱ्यांकडून शिका

अनुभवी फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन यांना यंत्राची जी समज असते, ती पदवीने मिळत नाही. त्यांना काम सांगण्यापूर्वी, ते कसे करतील आणि कुठे अडचण येईल, हे विचारावे. एचवाय-८० सारख्या उच्च-शक्ती पोलादाच्या वेल्डिंगला आधी तापवण्याची आणि इलेक्ट्रोड कोरडे ठेवण्याची सक्ती का असते, हे पुस्तकातून कळते: हायड्रोजनमुळे पडणारी भेग वेल्डिंगनंतर काही तासांनी उमटते, म्हणून तपासणीही उशिरा करावी लागते. पण अरुंद कप्प्यात ते तापमान टिकवायला काय करावे लागते, हे वेल्डरच सांगू शकतो. जहाजाच्या कर्मचाऱ्यांचीही तीच गोष्ट आहे. यंत्र कोणत्या वेगावर थरथरते, हे त्यांना पाळीवर उभे राहून माहीत झालेले असते.

८. चाचण्या घ्या, आणि सही करताना पुरावा मागा

काम संपले म्हणजे यंत्रणा तयार झाली असे नाही. आधी बंद स्थितीतली तपासणी व दाबचाचणी, मग बंदराच्या धक्क्याला बांधलेल्या जहाजावर यंत्र चालवून पाहणे आणि शेवटी समुद्रातल्या चाचण्या, असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्याचे निकष आधी लिहिलेले असावेत. चाचणी झाल्यावर निकष ठरवले, तर जे आकडे आले तेच स्वीकारण्याकडे मन झुकते. शक्य असेल तर रिफिटपूर्वीही तीच चाचणी घेऊन ठेवावी, म्हणजे तुलनेला आधार मिळतो.

सहीचे महत्त्व समजण्यासाठी थ्रेशर या अमेरिकी पाणबुडीचा इतिहास वाचावा. १० एप्रिल १९६३ रोजी, गोदीतल्या दीर्घ कामानंतर खोल पाण्यातल्या चाचणीदरम्यान ती १२९ जणांसह बुडाली. समुद्रपाण्याच्या पाइपचा चांदी-मिश्रधातूने जोडलेला सांधा निकामी झाला असावा, हे तपासातले प्रमुख अनुमान होते. त्याआधी गोदीत अल्ट्रासोनिक पद्धतीने तपासलेल्या १४५ सांध्यांपैकी सुमारे १४ टक्के निकषाखाली आढळले होते, आणि पाणबुडीवर असे सांधे हजारोंच्या संख्येने होते. त्याच वर्षी सबसेफ हा कार्यक्रम सुरू झाला. पाणी रोखणाऱ्या प्रत्येक भागाचा पदार्थ, जोड आणि चाचणी यांचा वस्तुनिष्ठ पुरावा हाती असल्याशिवाय पाणबुडी प्रमाणित होणार नाही, हा त्याचा गाभा आहे. तेव्हापासून सबसेफ-प्रमाणित एकही पाणबुडी बुडालेली नाही.

तुमच्यासमोर पूर्णत्वाचा दाखला येईल तेव्हा हाच क्रम लावावा. कोणता भाग बसला, त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे, जोड कोणी केला आणि त्याची पात्रता चालू आहे का, चाचणीचे उपकरण कधी तपासले होते, उरलेली किरकोळ कामे कोणती आणि ती उरलेली असताना यंत्रणा चालवायला कोणी लेखी मान्यता दिली, हे पाहावे. एखादा कागद नसेल तर ‘नंतर येईल’ या आश्वासनावर सही करू नये. कागद येईपर्यंत ती बाब उघडी असल्याची नोंद ठेवावी आणि जहाजाच्या अभियांत्रिकी अधिकाऱ्याला ती त्याच दिवशी दाखवावी.